फिरत्या तबकडीचें कोडें

तांब्याला लोहचुंबक ओढीत नाहीं, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. असें असतां एका तांब्याच्या तबकडीनें चुंबकाला आपल्याभोंवतीं नाचविलें आणि युरोपांतील पंडितांना सात वर्षें कोड्यांत टाकिलें. विजेच्या यंत्रयुगाचा पाया ज्या शोधावर उभा आहे, त्याच्या इतिहासांत या तबकडीचें स्थान मोठें आहे.

सन १८२२ मध्यें फ्रेंच ज्योतिर्विद फ्रान्स्वा आरागो व जर्मन संशोधक हुंबोल्ट हे ग्रीनिचच्या टेकडीवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचें बल मोजीत होते. चुंबकसूचीला हेलकावे द्यावयाचे व ते मोजावयाचे, अशी त्यांची रीत होती. जवळ धातु असली म्हणजे सूचीचे हेलकावे नेहमींपेक्षां लौकर थांबतात, हें आरागोच्या ध्यानांत आलें. दुसरा कोणी असता तर उपकरणाचा दोष म्हणून त्यानें तें सोडून दिलें असतें. आरागोनें तें मनांत ठेविलें आणि १८२४ च्या सुमारास उलट प्रश्न विचारला : स्थिर तांबें जर हलत्या सूचीला थोपवितें, तर फिरतें तांबें स्थिर सूचीला ओढील काय?

प्रयोगानें होकारार्थी उत्तर दिलें. तबकडी सावकाश फिरविली कीं वरची सूची तिच्या दिशेनें किंचित् वळे. वेग वाढविला कीं ती स्वतःच गरगर फिरूं लागे. हा वाऱ्याचा परिणाम म्हणावा, तर मधें पडदा घातला तरी तेंच घडे.

सन १८२५ मध्यें लंडनमध्यें चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल यांनीं प्रयोग उलटा करून पाहिला. त्यांनीं खालीं चुंबक फिरविला, तेव्हां वर टांगलेली तबकडी त्याच्यामागें फिरूं लागली. मग त्यांनीं तबकडीला मध्याकडे जाणाऱ्या चिरा पाडल्या, तों परिणाम पुष्कळ घटला. त्याच चिरा धातूच्या डाकानें सांधतांच तो बराचसा परत आला. कोड्याची किल्ली येथें त्यांच्या हातांत आली होती. चुंबकत्व तांब्याच्या कणाकणांत वसत असेल, तर एका चिरेनें तें नाहींसें कां व्हावें? चिरेनें कांहीं तोडलें असेल, तर तें कोणाची तरी वाट तोडली असली पाहिजे. परंतु त्या वाटेनें वाहतें काय, हा प्रश्न पुढें आला नाहीं. तांब्यांत क्षणभर चुंबकत्व शिरतें, तें जावयास वेळ लागतो आणि तें आपल्याबरोबर सूचीला ओढतें, या उपपत्तीवर बहुतेकांचें समाधान झालें. रॉयल सोसायटीनें त्याच वर्षीं आरागोला कॉप्ले पदक दिलें, तेंहि लोखंड नसलेल्या पदार्थांतील चुंबकीय गुण शोधल्याबद्दल! शोध खरा होता, पण त्याला दिलेलें नांव चुकीचें होतें.

स्वतः आरागो मात्र सावध राहिला. तबकडी सूचीला नुसती ओढीत नाहीं, तर वर लोटतेहि, असें त्यानें १८२६ मध्यें दाखविलें. प्रचलित उपपत्तीशीं तें जुळत नव्हतें. तिच्या जागीं आपली दुसरी कल्पना मांडण्याची घाई त्यानें केली नाहीं. या संयमाची पुढें मायकेल फॅरडेनेंच मुक्तकंठानें प्रशंसा केली.

फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां त्यानें पुष्कळ वाचन केलें. उच्च गणित त्याला येत नव्हतें. १८३१ च्या २९ ऑगस्टला त्यानें लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एकांतील प्रवाह सुरू वा बंद होतांच दुसऱ्यांत क्षणिक प्रवाह उठला. १७ ऑक्टोबरला तारेच्या वेटोळ्यांत चुंबक सारतांच तसाच प्रवाह मिळाला. पण हे सारे क्षणांत विरणारे झटके होते. अखंड प्रवाह कसा मिळावा?

येथें त्याला आरागोची तबकडी उपयोगी पडली. रॉयल सोसायटीचा एक प्रचंड चुंबक वुलिच येथें क्रिस्टी नांवाच्या विद्वानाच्या घरीं होता. सुमारें साडेचारशें चुंबकी पट्ट्या जोडून तो बनविलेला होता. २८ ऑक्टोबरला फॅरडेनें त्याच्या दोन ध्रुवांमध्यें बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी बसविली. एक तार आंसाला जोडली, दुसरी कडेला टेंकविली आणि तबकडी फिरविली. प्रवाहदर्शकाचा कांटा बाजूला सरला आणि तबकडी फिरत होती तोंवर तसाच राहिला. तबकडी उलट फिरवितांच कांटाहि उलट सरला. मनुष्याच्या हाताच्या श्रमाचें अखंड विजेंत रूपांतर करणारें हें पहिलें यंत्र होय.

२४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत फॅरडेनें जुनें कोडेंहि उलगडून दाखविलें. चुंबकापुढून धातु सरकली कीं तिच्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह स्वतः चुंबकासारखे वागतात आणि दोहोंमधील सापेक्ष गतीला विरोध करतात. म्हणूनच स्थिर तबकडी सूचीला थोपविते व फिरती तबकडी तिला बरोबर नेते. चिरा पाडल्या कीं प्रवाहाची वाट तुटते, सांधल्या कीं ती जुळते. पुढें १८५५ मध्यें फूको यानें प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तबकडी जोरानें फिरवून ती तापते असें दाखविलें; फिरविणाऱ्याचे श्रम उष्णतेच्या रूपानें प्रकट झाले.

विसाव्या शतकांत घरोघरच्या विजेच्या मीटरांत कांचेमागें ॲल्युमिनियमची जी तबकडी फिरत असे, ती या तांब्याच्या तबकडीचीच वंशज. वेटोळ्यांच्या चुंबकत्वानें ती फिरे आणि एक कायम चुंबक तिला आवरून धरी; म्हणजे आरागोचीं दोन्ही निरीक्षणें त्या लहानशा पेटींत एकत्र नांदत. पुढें इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ती तबकडी मागें पडूं लागली.

सात वर्षें तबकडी सर्वांपुढें फिरत होती, चिरेचा पुरावाहि छापून आलेला होता. न्यून होतें तें योग्य प्रश्नाचें. तांब्यांत कोणता गुण आहे, असें इतरांनीं विचारलें. तांबें हलतांना त्यांत काय घडतें, असें फॅरडेनें विचारलें.