सिकलसेल 'सौम्य' आहे, हे कुणी ठरवलं?

आमच्या राळेगावकडे 'सिकल' म्हटलं की पुढे फारसं सांगावं लागत नाही. कुणाच्या घरी 'एएस' असतो, कुणाच्या घरी 'एसएस'. अमेरिकेत हा आजार दुर्मिळांच्या यादीत मोजतात. आपल्याकडे मात्र आदिवासी, बौद्ध आणि काही ओबीसी घरांत तो पिढ्यानपिढ्या आहे. शब्द ओळखीचा झाला, इतिहास मात्र नाही. आज तोच सांगते, कारण त्यातल्या दोन समजुती अजून आपल्या लेकरांना भोवतात.

सुरुवात शिकागोची. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल १९०४ च्या डिसेंबरात तिथल्या दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल पेशींच्या गर्दीत काही पेशी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या. (आपला इळाच तो, इंग्रजीत सिकल.) आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे छापलं. नोएल शिकून गावी परतला, दातांचा दवाखाना टाकला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. तेव्हा तो फक्त बत्तीस वर्षांचा होता.

पुढे तिथे सापडलेले रुग्ण बहुतेक आफ्रिकी वंशाचे होते. म्हणून 'काळ्यांच्या रक्ताचा आजार' असा शिक्का बसला. गोऱ्या माणसात तो दिसला की डॉक्टर त्याच्या वंशावळीवरच शंका घ्यायचे! ही पहिली समजूत: आजार म्हणजे एखाद्या जमातीचा दोष.

खरा दोष किती छोटा आहे ते बघा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गडबड हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅमने नेमकी जागा शोधली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं सहावं बदललेलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढंच.

पण या एवढ्याशा बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि पेशी वाकते. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. आता रक्तवाहिनी शरीरात कुठे नाही? म्हणून कुणाची हाडं ठणकतात, कुणाची पानथरी वाढते, कुणाचा खुब्याचा सांधा झिजतो. फुप्फुसं, मूत्रपिंडं, डोळ्याचा पडदा, मेंदू, काहीच सुटत नाही. शिवाय निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. मग रक्त कमी आणि डोळे पिवळे. घरचे कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागतात, ते त्यामुळेच.

भारतात याची पहिली नोंद १९५२ ची. लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये ही पेशी दिसली. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही ती सापडली. विदर्भ नकाशावर आला १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं तेव्हा. आपल्या आज्यांच्या पिढीने काय सोसलं असेल ते त्याआधीच्या कागदावर कुठेच नाही.

हा जीन इथे टिकला कसा? मलेरियामुळे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं की ज्याच्याकडे एकच बदललेला जीन असतो, म्हणजे आपला 'एएस' वाहक, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात जे तगले त्यांच्यात तो राहिला. जातीबितीचा संबंध इतकाच, की लग्नं आपसात झाली. हा बदल भारत-अरबस्तानच्या पट्ट्यात स्वतंत्रपणे झाला, असं १९८६ च्या संशोधनाने मांडलं. २०१८ च्या एका जीनोम अभ्यासाने सगळ्यांचा उगम एकच असल्याचं म्हटलं. वाद चालू आहे.

आता दुसरी समजूत, आणि मला जास्त राग हिचाच येतो. १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास छापून आला. आपल्या भागातल्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त राहतं आणि ते विळे व्हायला अडवतं. तिथले रुग्ण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य निघाले. अभ्यास चांगलाच होता. पण त्याचा अर्थ हळूहळू 'भारतात सिकलसेल सौम्य' असा झाला. खरं तर जो रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच बालपणी दगावला, तो अशा मोजणीत येतच नाही.

नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलं तपासली, जन्मापासून पाठपुरावा केला. चित्र वेगळं निघालं: वारंवार वेदना, रक्त चढवण्याची वेळ, जंतुसंसर्ग. मध्य भारतात हा आजार तीव्र असू शकतो, असं त्यांनी सरळ लिहिलं. याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की हायड्रॉक्सियुरिया दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम, इतक्या कमी मात्रेतही मुलांचा त्रास बराच घटवतं. ही गोळी आहे, जीन थेरपीसारखा कोटींचा मामला नाही. ती सुरू करायची का, किती द्यायची आणि रक्ताच्या तपासण्या कधी करायच्या, हे डॉक्टरच ठरवतात.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या वाढल्या, म्हणून एक गोष्ट लक्षात असू द्या. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'आहे की नाही' एवढंच सांगते. एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर कळतं. वाहक हा रुग्ण नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, आणि पहिलं लेकरू निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती बदलत नाही. त्यामुळे सोयरिकीच्या बैठकीत फक्त मुलीचा रिपोर्ट मागणारे दिसले, तर मुलाचाही मागा.