सत्तर निश्चय आणि एक डायरी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. आमच्या मंडळीच्या तरुण संघात कुणीतरी झेरॉक्स काढून वाटलेला. जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन पाळकाने वयाच्या विशीच्या आत स्वतःसाठी लिहिलेले सत्तर निश्चय त्यावर होते. त्याच्या खाली मी माझे बारा लिहिले. पहाटे पाचला उठायचं, प्रार्थना, बायबल वाचन, रोज एक तरी पेपर वाचायचा, लॅबची वही त्याच दिवशी भरायची, दहानंतर मोबाईल बंद. तीन आठवड्यांत बारातले नऊ मोडले. कागद मात्र तिथेच. तो दिसला की दोन्हीकडून अपराधी वाटायचं: ख्रिस्ती म्हणूनही आपण कच्च्या आणि संशोधक म्हणूनही.

मी मूळची केमिस्ट्रीची, इतिहास रीतसर शिकलेली नाही. पण पुढे कधीतरी कळलं की हे निश्चय लिहिले त्याच महिन्यांत हा मुलगा एक डायरीही लिहीत होता. ती वाचून काढली आणि भिंतीवरचा कागद उतरवला. माझ्यासमोर इतके दिवस अर्धाच पुरावा होता हे लक्षात आलं. आजचा लेख उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे. तुमच्यापैकी जे पेट, नेट, सेटच्या तयारीत आहेत त्यांना यात सवयींपेक्षाही साधनं कशी वाचावीत याचा धडा सापडेल.

माणूस आणि काळ

एडवर्ड्सचा जन्म ५ ऑक्टोबर १७०३ चा, कनेक्टिकटमधल्या ईस्ट विंडसरचा. वडील पाळक. अकरा भावंडांत हा एकटा मुलगा, बाकी दहा बहिणी. तेरा पूर्ण व्हायच्या आत कॉलेजात गेला (पुढे येल म्हणून प्रसिद्ध झालं तेच), १७२० मध्ये पदवी घेतली. ऑगस्ट १७२२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळीत उपदेश करायला गेला. ही मंडळी एका मोठ्या मंडळीतून फुटून निघालेली. तिथे तो साधारण आठ महिने राहिला. घरापासून लांब, परकं शहर, दुसऱ्याच्या घरात मुक्काम आणि पहिलीच जबाबदारी. होस्टेलवर पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही ही अवस्था समजेल.

आपल्याकडे तो पोचला कसा, हेही थोडक्यात सांगते. एडवर्ड्सने १७४९ मध्ये डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याचं चरित्र प्रसिद्ध केलं. ते वाचून घडलेल्यांपैकी एक म्हणजे विल्यम कॅरी, ज्याने १८०५ मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरीही एडवर्ड्सच्या विचारांच्या परंपरेतलेच. तेव्हा आमच्या तरुण संघात त्याचं नाव निघणं हा काही योगायोग नव्हे.

यादीत काय आहे

सत्तरच्या सत्तर निश्चय एका दिवसात लिहिलेले नाहीत. त्याच्या पणतूने एकोणिसाव्या शतकात त्याचं लेखन संपादित केलं. त्याच्या नोंदीनुसार पहिले २१ एका बैठकीत, पुढचे १० दुसऱ्या बैठकीत आणि बाकीचे सुचतील तसे लिहिलेले दिसतात. बऱ्याच जणांवर तारखा आहेत. शेवटच्यावर १७ ऑगस्ट १७२३ ही तारीख आहे. तेव्हाही तो एकोणीसच वर्षांचा होता.

विषय काय? वेळेचा एक क्षणही वाया घालवायचा नाही. आयुष्याचा शेवटचा तास असता तर जे करायला भ्यालो असतो ते कधीच करायचं नाही. खाण्यापिण्यात कडक संयम. आईवडिलांवर चिडचिड करायची नाही. बोलण्याबद्दल तर कितीतरी: कुणाची निंदा नको, आणि अगदी शेवटच्या, सत्तराव्यात, आपल्या प्रत्येक बोलण्यात थोडा तरी सद्भाव असावा.

मला सगळ्यात आवडतो चोविसावा. हातून ठळकपणे काही वाईट घडलं तर त्याच्या मूळ कारणापर्यंत मागे मागे जायचं. रिॲक्शन फसल्यावर आपण हेच करतो की! सदतिसावा आणि एकेचाळिसावा म्हणजे तपासणीची पद्धत: रोज झोपताना, आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या शेवटी स्वतःला विचारायचं, कुठे चुकलो, कुठे यापेक्षा बरं करता आलं असतं. शिवाय दर आठवड्याला सगळी यादी वाचायची ती वेगळीच.

आता आमच्या झेरॉक्सची गंमत. त्यावर पहिल्या निश्चयापासून थेट सुरुवात होती. मूळ यादीच्या माथ्यावर काही ओळी आहेत, त्या गळाल्या होत्या. त्यांत एडवर्ड्स म्हणतो की देवाच्या मदतीशिवाय आपल्याला काहीही जमणार नाही, म्हणून हे निश्चय पाळण्याचं बळ तो नम्रपणे मागतो आहे. आणि तिसऱ्या निश्चयात तर मोडण्याची तरतूदच आहे: आपण ढिले पडलो, यातलं काही पाळायचं राहून गेलं, तर भानावर आल्यावर जे आठवेल त्या सगळ्याचा पश्चात्ताप करायचा. म्हणजे निश्चय मोडणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक होतं! मीच ते वाचलं नव्हतं.

डायरी काय सांगते

डायरीतली पहिली नोंद १८ डिसेंबर १७२२ ची. त्याच दिवशी पस्तिसावा निश्चय झाला. पंधराच दिवसांत, २ जानेवारी १७२३ ला, तो सुस्तावल्याची नोंद आहे. सोबत एक अनुभव: कितीही निश्चय करा, कितीही युक्त्या लढवा, पवित्र आत्म्याने हलवल्याशिवाय सगळं फुकट. तीन दिवसांनी, शनिवारी, साप्ताहिक हिशेब मांडला तर तो खाली घसरलेला. कारणही नोंदवलंय: मरगळ आणि आळस, आणि हे असंच चाललं तर बाकीची पापंही डोकं वर काढतील. १५ जानेवारीला तक्रार आहे की दोन-तीन दिवसांपूर्वी वाटत होतं हा उत्साह कायम इतकाच उंच राहील, आणि बघा किती लवकर उतरला.

इथे थोडं थांबा. निश्चयांनी काही होत नाही असं २ जानेवारीला लिहिणारा हा मुलगा त्यानंतर ऑगस्टपर्यंत आणखी तीस तरी निश्चय लिहितो. कळणं आणि वळणं यांत केवढं अंतर असतं ते इथे तारखेनिशी दिसतं. नुसती यादी वाचली तर हा पोलादी मुलगा वाटतो. नुसती डायरी वाचली तर रडका. दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या की खरा माणूस दिसायला लागतो.

पुढे १७२४ च्या जूनमध्ये तो येलमध्ये ट्यूटर झाला. त्या पहिल्या आठवड्याची नोंद निराशा, भीती आणि हजार काळज्यांची आहे. मग नोंदी विरळ होत जातात. १७२५ मध्ये मोठं आजारपण आलं. सप्टेंबर १७२६ मध्ये तो लिहितो की गेली जवळजवळ तीन वर्षं आपण बहुतेक खचलेल्या अवस्थेतच आहोत.

तिसरं साधन आहे त्याची आत्मकथनपर टिपणं, १७४० च्या आसपासची. त्यांत तो न्यूयॉर्कच्या दिवसांकडे प्रेमाने बघतो, पण कबूल करतो की तेव्हा आपण स्वतःच्या बळावर फार विसंबलो आणि त्याने पुढे नुकसान झालं. ही सतरा वर्षांनंतरची आठवण आहे, तेव्हा जपून वापरायची. पण इथे ती डायरीशी जुळते.

एक तुलना करून बघा. बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान. त्यानेही सद्गुणांची यादी केली, पण तेरांची, आणि एका आठवड्यात एकाच गुणाकडे मुख्य लक्ष. वहीत चौकटी आखून चुकलं तिथे काळा ठिपका. परिपूर्णता काही गाठता आली नाही, असं फ्रँकलिनही म्हणतो. पण फ्रँकलिनला चूक म्हणजे सुधारायचा ठिपका होता. एडवर्ड्सला ती देवाची कृपा किती लागते याचा पुरावा वाटायची. हा विश्वासाचा भाग वगळून त्याची यादी निव्वळ वेळेच्या नियोजनासाठी वापरणं म्हणजे वहीतलं निरीक्षण घ्यायचं आणि एकक सोडून द्यायचं.

जे टिकलं

याच न्यूयॉर्कच्या दिवसांत त्याने आणखी एक वही सुरू केली. मनात येणारे धर्मविचार क्रमांक टाकून लिहायची. निश्चय वर्षभरात थांबले, डायरी वाळत गेली, ही वही मात्र १७५८ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालली. नोंदी सुमारे १४००. कागद महाग, म्हणून जुनी पत्रं, घरात पंखे करून उरलेले कागदाचे तुकडे, जे मिळेल ते शिवून वह्या केलेल्या. १७२३ च्या ऑक्टोबरमध्ये हाच मुलगा हवेत तरंगणाऱ्या कोळ्यांची बारकाईने केलेली निरीक्षणंही पत्रातून कळवत होता.

हीच सवय का टिकली? माझा अंदाज सांगते, अंदाज म्हणूनच घ्या. निश्चयात एक दिवस चुकला की तो मोडतो. क्रमांकाच्या वहीत आठवडाभर काही लिहिलं नाही तरी पुढचा क्रमांक तिथेच वाट बघत असतो.

जे यादीत नव्हतं

इथपर्यंत लेख संपवला असता तर तुम्हीही खूश, मीही. पण चौथं साधन उरतं. जून १७३१ मध्ये एडवर्ड्स न्यूपोर्टला गेला आणि ८० पौंडांना चौदा वर्षांची एक गुलाम मुलगी विकत घेतली. कागदावर तिचं नाव व्हीनस. तो पुढेही गुलाम बाळगत राहिला. वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाचा एक मुलगा आहे.

रोज रात्री स्वतःची झडती घेणारा हा माणूस. आपण बोललो त्यात सद्भाव होता का, जेवताना एक घास जास्त झाला का, हे विचारणारा. पण ज्या प्रश्नाला यादीत जागाच नाही, तो रात्री विचारला कसा जाणार?

आणखी बोचणारी गोष्ट अशी. २३ सप्टेंबर १७२३ च्या नोंदीत तो म्हणतो की म्हाताऱ्यांना नव्या शोधांचा फारसा फायदा होत नाही, कारण त्यांना जुन्या विचारपद्धतीची सवय झालेली असते. आपण म्हातारे झालो तर नव्या म्हणण्याची कारणं निःपक्षपणे ऐकू आणि पटली तर स्वीकारू, असा निश्चयही त्यातच आहे. १७४१ च्या सुमारास तशी वेळ आली. एका पाळकाने गुलाम ठेवल्याबद्दल त्याच्या मंडळीतल्या लोकांनी आक्षेप घेतला. एडवर्ड्सने मसुदा लिहिला तो पाळकाच्या बाजूने. आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्याच्या व्यापाराला त्याचा विरोध होता, पण गुलाम बाळगणं त्याला पापात मोजावंसं वाटलं नाही.

‘काळच तसा होता’ म्हणून हे सोडता येत नाही. आक्षेप घेणारे त्याच काळातले, जवळपासच्याच गावातले ख्रिस्ती होते. त्याचा शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स आणि त्याचाच मुलगा, दोघंही पुढे गुलामगिरीविरुद्ध उघडपणे लिहू-बोलू लागले.

मग आपण काय करायचं

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर यादी म्हणजे प्रोटोकॉल, डायरी म्हणजे लॅबची वही आणि खरेदीचा कागद म्हणजे दुसऱ्या कुणी घेतलेलं रीडिंग. पहिल्या दोन्ही गोष्टी आपण स्वतः लिहितो, त्यामुळे आपली नजर जिथे पोचत नाही तिथे त्याही पोचत नाहीत. तिसरी गोष्ट बाहेरूनच यावी लागते.

मी आता बारा निश्चय करत नाही. दोनच ठेवलेत: सकाळची प्रार्थना, आणि त्या दिवशीची वही त्याच दिवशी, फसलेल्या प्रयोगासकट. पाचला उठणं अजूनही जमत नाही. महिन्यातून एकदा मात्र कुणाला तरी विचारते, माझ्या यादीत काय नाहीये? पहिल्यांदा विचारलं ते लॅबमधल्या एम.एस्सी.च्या मुलीला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, तुमच्या वहीत सगळं असतं, तापमान, वेळ, बाटलीचा नंबरसुद्धा. पण अर्धी सॅम्पल्स मी केलीत, आणि माझं नाव कुठेच नाही.”

मागची चाळीस पानं उलटून बघितली. खरंच नव्हतं. मग बसून प्रत्येक नोंदीपुढे तिचं नाव आणि त्या दिवशीची दुरुस्तीची तारीख घातली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.