सम आणि शटर

आमच्या घराण्यात गाणे कोणालाच येत नाही. ऐकायला मात्र सगळ्यांना येते, आणि त्याचा अभिमान गाणाऱ्यापेक्षा जास्त. नाना, म्हणजे आमचे वडील, दर डिसेंबरात शाल, मफलर आणि थर्मास घेऊन पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जात. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव १९५३ साली सुरू केला. नानांच्या बोलण्यावरून मात्र ऐकणाऱ्याला वाटायचे, दोघांनी मिळून केला.

अशा घरात २००६ साली मी डिजिटल कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा. दुकानदाराने सांगितले, "साहेब, नुसतं बटण दाबायचं, बाकी सगळं तो बघतो." त्या 'बाकी सगळं'मध्ये काय काय येते हे मला रमणबागेच्या मांडवात कळले.

ही वडी कुठल्या खानदानातली, तेही सांगून टाकतो. अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाचा पंचविशीतला इंजिनिअर होता. त्याने १९७५ साली हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, म्हणजे एखादा तंबोराच म्हणा ना! चित्र काळेपांढरे, १०० बाय १०० ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. विलंबित एकताल चांगला ठाय असेल तर तेवढ्यात निम्मे आवर्तन संपते. वरिष्ठांचे म्हणणे पडले की, स्वतःचे फोटो टीव्हीवर बघायला कोण बसणार? त्याच कोडॅकवर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली.

पुढे १९९५ साली कॅसिओने पाठीवर चित्राचा पडदा असलेला छोटा कॅमेरा बाजारात आणला. मैफलीच्या दृष्टीने याहून घातक शोध लागला नसेल. पुढचा माणूस फोटो काढतो आणि मागच्या तीन रांगा गवयाऐवजी त्याचा पडदा बघतात.

तर पहिल्या वर्षी काय झाले, बटण दाबले आणि फ्लॅश उडाला. या वडीचा फ्लॅश जेमतेम तीनचार मीटर जातो. मी बसलेलो तिथून स्टेज चांगले पंधरा मीटर. म्हणजे गवयापर्यंत काही पोचले नाही, पण पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचे टक्कल असे काही उजळले की मांडवात चंद्रोदय झाला. ते वळून म्हणाले, "अहो, गाणं ऐकायला आलात की वीज पाडायला?" नाना काही बोलले नाहीत. उठून दोन रांगा मागे जाऊन बसले आणि रात्रभर त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

फ्लॅश बंद करायला शिकलो, तर अंधारात नेम धरण्यासाठी कॅमेरा स्वतःचा एक नारिंगी दिवा लावू लागला. तो थेट पुढच्यांच्या पाठीवर! तो बंद केला, तर 'टिक' आवाज. तोही बंद केला. मग कळले की खरे दुखणे पोटात आहे. या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा तुकडा असतो साधारण सहा मिलिमीटर लांब आणि चार-साडेचार रुंद, करंगळीचे निम्मे नख. जुन्या रोलची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळ ३५ पटींच्या आसपास. एवढ्याशा वाटीत मांडवातला मिणमिणता उजेड किती मावणार? त्यात झूम केला की भिंगाचे तोंड आणखी बारीक होते. शेवटी कॅमेरा पडदा बराच वेळ उघडा ठेवतो, तेवढ्यात गवयाचा हात हलतो, आणि फोटोत हाताऐवजी धूर येतो.

याहून वाईट म्हणजे बटण दाबल्यावर ही वडी अर्धा सेकंद विचार करी. समेवर "वाहवा" म्हणत दाबावे, तर फोटोत गवई पाणी पिताना. सतीश पाकणीकरांसारख्या प्रकाशचित्रकारांनी रोलच्या जमान्यात गवयांचे जे फोटो काढले, त्यांतल्या समा कशा नेमक्या सापडतात याचे मला फार कोडे होते. नानांना विचारले. ते म्हणाले, "अरे, मात्रा मोजाव्यात. दहावी गेली की तयारीत राहायचं. सम काय न सांगता येते?"

म्हणून मी वर्षभर रेकॉर्ड लावून टाळी देत बसलो. बटण अर्धे दाबून नेम आधीच धरायचा, कॅमेरा गुडघ्यावर टेकायचा, श्वास रोखायचा, बाराव्या मात्रेच्या शेवटी उरलेले अर्धे दाबायचे. घरच्यांनी 'यांना काय झालंय' असे विचारून घेतले. फोटोसाठी का होईना, पण चाळिशीत मला एकताल मोजता येऊ लागला.

२००७च्या डिसेंबरात नानांचे गुडघे पार गेले. ते घरी, मी एकटा मांडवात. प्रकृतीमुळे गाणे बंद झालेले भीमसेनजी त्या वर्षी गायले. त्यांचे महोत्सवातले ते शेवटचे गाणे ठरेल हे तेव्हा कोणाला ठाऊक? मांडवात माणसे रडत होती. मी मात्रा मोजत होतो, मध्येच चुकत होतो, पुन्हा मोजत होतो. एकंदर ४१ फोटो.

प्रिंट काढायला गेलो. दुकानातला मुलगा भला. एक फोटो बाजूला काढून म्हणाला, "काका, हा हललाय. याचे पैसे लावत नाही, टाकू ना?" चेहरा पुसट, हात म्हणजे नुसता पांढरा फराटा. टाक म्हणणार होतो, पण फुकटचे टाकवेना, आणले.

नानांनी चष्मा लावून सगळे फोटो पत्त्यांसारखे पलंगावर मांडले. स्वच्छ आलेले, समेवर नेमके धरलेले, माझ्या वर्षभराच्या टाळ्यांचे चीज झालेले, एकेक उचलून उजवीकडे ठेवत गेले. त्या फराट्याशी थांबले. बराच वेळ बघितला.

"या बाकीच्यांत तो नुसता बसलाय रे," म्हणाले. "इथं गातोय."

तो प्रिंट त्यांनी उशाशी, औषधांच्या डब्याला टेकवून ठेवला. पुढे असले छोटे कॅमेरे जपानी कंपन्यांनी २०१० साली दहा कोटींच्या वर पाठवले आणि २०२० साली चाळीस लाखांच्याही आत आले. फोनने गिळले सगळे. माझी वडी कपाटात आहे, बॅटरी फुगली आहे. फोटो मात्र चांगला टिकलाय. दुकानातल्या मुलाला त्याचे पैसे नंतर देऊन आलो.