ताट कुणाच्या नावाचं?

आज जरा लांबच्या गावाला जाऊ या.

फ्रान्समध्ये रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ल्यों नावाचं मोठं शहर आहे. युरोपातले लोक शनिवार-रविवार धरून दोन-तीन दिवसांची सहल काढतात. पॅरिसला गेले की आयफेल मनोरा बघतात, रोमला गेले की जुने महाल बघतात. ल्योंला मात्र पुष्कळ जण जातात ते जेवायला. 1930 च्या दशकात क्युरनॉन्स्की या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका नावाजलेल्या फ्रेंच लेखकानं ल्योंला खवय्यांची राजधानी म्हटलं. ते नाव आजही टिकून आहे.

हे नाव मिळवून दिलं कुणी? राजवाड्यातल्या आचाऱ्यांनी नव्हे. ते मिळवलं विणकरांच्या वस्तीतल्या खानावळींनी आणि दुसऱ्यांच्या घरी चूल फुंकणाऱ्या मोलकरणींनी. त्यांचीच गोष्ट आज सांगते.

आधी शहराविषयी थोडं. 1536 मध्ये फ्रान्सच्या राजानं ल्योंला रेशीम विणायची सनद दिली. पुढे तीनशे वर्षांत शहराची सगळी घडी रेशमावर बसली. आपल्यापैकी साडी विणणाऱ्या बायांना जॅकार्ड हा शब्द ठाऊक असेल. तो माग ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते जोसेफ मारी जाकार हे ल्योंचेच. 1804 च्या सुमाराला त्यांनी तो माग तयार केला. माग उंच होता, म्हणून क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांसाठी चार-चार मीटर उंच छताची घरं बांधली गेली. त्याच खोलीत माग, तिथेच चूल आणि तिथेच झोपायचं. नवरा, बायको, पोरं, सगळेच कामाला. रेशीम व्यापाऱ्याचं, भावही व्यापारी ठरवणार. मजुरी परवडेना म्हणून 1831 आणि 1834 मध्ये या विणकरांनी उठाव केले, आणि सरकारनं फौज आणून ते मोडले. 1869 मध्ये रेशमाला पीळ देणाऱ्या बायकांनीही मजुरीसाठी आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून मोठा संप केला.

अशा माणसांचं जेवण काय असणार? चांगलं मटण पैसेवाल्यांच्या घरी जायचं. आतडी, पोट, डोकं, पाय हे स्वस्तात मिळायचं. आपल्याकडे मटणाच्या दुकानात वजडी, मुंडी, पाया मिळतो ना, तसंच. पहाटेपासून राबलेले विणकर सकाळीच भरपेट जेवायचे. त्या सकाळच्या जेवणाला माशों म्हणतात. सोबत जवळच्याच बोजोले भागातली द्राक्षाची लाल वाइन असायची. हे जेवण वाढणाऱ्या छोट्या खानावळींना तिथे बुशों म्हणतात.

आजही ल्योंला गेलेला माणूस बुशोंत जाऊन हेच मागतो. वजडी मसाल्यात मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. त्या पदार्थाचं नाव ‘सैनिकाचं एप्रन’. चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा, कोवळा हिरवा पाला, मीठ, मिरपूड, थोडं तेल आणि व्हिनेगर घालून कालवतात. त्याचं नाव ‘विणकराचा मेंदू’. गोड्या पाण्यातला पाईक नावाचा मासा फार काट्यांचा. तो वाटून, गाळून, त्यात पीठ, अंडी आणि लोणी घालून लांबट गोळे करतात आणि पाण्यात शिजवतात. त्याला कनेल म्हणतात. शेवटी गोड म्हणून साखरफुटाण्यासारख्या गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांची मोठी गोड पुरी. हात राखून स्वयंपाक करणारीलाच असलं सुचतं. काट्यांचा मासा फेकून न देता त्याचं पक्वान्न कसं करायचं, हे तिलाच कळतं.

आता त्या बायकांकडे येऊ. ल्योंमध्ये त्यांना ‘मेर’ म्हणतात. मेर म्हणजे आई. पहिलं नाव सापडतं ते मेर गी हिचं. 1759 मध्ये तिनं रोनच्या काठी खानावळ घातली. नदीतल्या वाम माशाचं कालवण ही तिची खासियत होती. पुढे शहरात श्रीमंत व्यापारी वाढले, त्यांच्या घरी खेड्यातून आलेल्या पोरी स्वयंपाकाला राहू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अनेक घरांना नोकरचाकर परवडेनासे झाले. काम सुटलेल्या बायकांकडे ना जमीन होती, ना भांडवल. हाताला चव होती. त्यातल्या काहींनी स्वतःची खानावळ काढली.

मेर फियू त्यांच्यातली मोठी. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ मुलखातून आलेली ही बाई मोजकेच पदार्थ करायची. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या अळिंबीच्या चकत्या सरकवून ती शिजवायची आणि गिऱ्हाइकाच्या टेबलाशी उभी राहून स्वतःच्या सुरीनं कापून वाढायची. पांढऱ्या कातडीतून काळ्या चकत्या दिसतात, म्हणून त्या पदार्थाचं नाव ‘अर्धं सुतक’.

तिच्या हाताखाली युजेनी ब्राझिए नावाची मुलगी कामाला आली. तिचा जन्म 1895 चा, ल्योंपासून जवळच्या ब्रेस भागातल्या शेतकरी घरातला. लहानपणी डुकरं, गुरं राखली. शाळा जमेल तेवढीच. दहा वर्षांची असताना आई गेली. एकोणीस वर्षांची असताना लग्नाआधी मूल झालं आणि बापानं घराबाहेर काढलं. मुलाला सांभाळायला दुसऱ्यांकडे ठेवून ती ल्योंला एका घरी कामाला लागली. तिथे स्वयंपाक हाती आला, मग मेर फियूकडे शिकली. 1921 मध्ये रू रुआयाल या रस्त्यावरचं एक किराणा दुकान तिनं बारा हजार फ्रँकांना घेतलं आणि तिथे जेमतेम पंधरा माणसं बसतील एवढी खानावळ उघडली.

तिनं पदार्थ वाढवले नाहीत. आर्टिचोक या भाजीचा गाभा, कनेल, ‘अर्धं सुतक’ कोंबडी, चीज, मग गोड. वर्षानुवर्षं जवळपास तेच. पण कोंबडी आपल्या ब्रेसची, लोणी चोख आणि भांडी लख्ख हवीत. त्यात ती कुणाचं ऐकत नसे. कामाच्या ताणानं तब्येत बिघडली तेव्हा ती शहराबाहेर कोल द ला ल्युएर या डोंगरावरच्या लाकडी घरात जाऊन राहिली. तिथे वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. तरी गिऱ्हाईक तिथेही येऊ लागलं आणि तिची दुसरी खानावळ उभी राहिली.

त्याच काळात मोटारी वाढल्या होत्या. मिशेलिन या टायरच्या कंपनीनं 1900 पासून प्रवाशांसाठी एक माहितीपुस्तक छापायला सुरुवात केली होती. पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, असं त्यात असायचं. पुढे त्यात चांगल्या जेवणाला तारे द्यायला लागले. तीन तारे म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असं जेवण. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा रस्ता ल्योंवरून जातो, त्यामुळे मोटारवाले तिथे थांबायचेच. 1933 मध्ये ब्राझिएच्या दोन्ही खानावळींना तीन-तीन तारे मिळाले. एकाच वेळी सहा तारे तिच्याआधी कुणालाच मिळाले नव्हते, ना बाईला, ना पुरुषाला.

1946 मध्ये पॉल बोक्यूज नावाचा तरुण तिच्या डोंगरावरच्या खानावळीत शिकायला आला. स्वयंपाकाबरोबर त्याला गाईंच्या धारा काढायला आणि कपडे धुवायलाही लावलं जाई. पुढे तो जगप्रसिद्ध झाला. आज ल्योंच्या मोठ्या मंडईला त्याचं नाव आहे. आपण कुणाकडे शिकलो, हे त्यानं कधी लपवलं नाही.

जगानं मात्र तिला विसरायचं ते विसरलंच. 1957 मध्ये ब्रेसच्या कोंबडीला फ्रान्समध्ये कायद्यानं संरक्षण मिळालं. आपल्याकडचं जीआय मानांकन असतं ना, तसं. दुसऱ्या भागातली कोंबडी त्या नावानं विकता येत नाही. 1977 मध्ये ब्राझिए वारली. 1998 मध्ये आलाँ द्युकास या फ्रेंच शेफला सहा तारे मिळाले, तेव्हा असा मान मिळवणारा हा पहिलाच, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पासष्ट वर्षांपूर्वी एका मोलकरणीनं तो मिळवला होता, हे लोकांना आठवण करून द्यावं लागलं. कोंबडीचं नाव कायद्यात लिहिलं गेलं, म्हणून ते कुणी विसरलं नाही.

यात आपल्यासाठी काय आहे? आपल्याकडेही रोजचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नाच्या मांडवात मानाचा आचारी बहुतेक वेळा पुरुष. गटातल्या एखादीच्या हातची चटणी सगळ्या तालुक्यात खपते. पण पाकिटावर नाव छापलेलं असतं ते घेणाऱ्या व्यापाऱ्याचं. प्रमाण तिच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं. ती थकली की चटणी संपते, आणि दुसऱ्या कुणी ती बाजारात आणली तर ‘ही आमची’ म्हणायला आपल्याकडे पुरावा नसतो.

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीत हिशोबाच्या पानांनंतर एक नवीन पान उघडा. प्रत्येकीनं आपला एक पदार्थ सांगायचा. त्याचं साहित्य, वजनात प्रमाण, कृती, कुणाकडून शिकली, कोणत्या गावची, हे सगळं लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिचं दुसरीनं लिहून घ्यायचं. खाली तिचं पूर्ण नाव आणि तारीख घालायची. पुढच्या खेपेला पाकिटं छापायला टाकाल तेव्हा ती वही सोबत न्या.