संकेतपरिपथ-रचना : खोडद येथील रेडिओ दुर्बिणीतील

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावनजीक खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या ‘जीएमआरटी’ या दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 मध्यवर्ती क्षेत्रात व उरलेल्या 16 तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात, विखुरलेल्या आहेत. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की, तबकडीच्या नाभीपाशीच अल्पगोंगाटी ॲम्प्लिफायरची तजवीज करावी लागते. कारण प्रारंभी शिरलेला गोंगाट, पुढे कितीही वर्धन केले तरी, संकेताबरोबरच वाढत जातो. तेथून हा संकेत ॲनालॉग रूपातच प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती केंद्रात दाखल होतो व मगच त्याचे अंकीकरण होते. मूळची 32 मेगाहर्ट्‌झची पट्टरुंदी नूतनीकरणानंतर कमाल 400 मेगाहर्ट्‌झ झाली. एवढी पट्टी अविकृत टिपावयाची तर सेकंदाला किमान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात, म्हणजे दोन नमुन्यांत सव्वा नॅनोसेकंदाचे अंतर उरते आणि तेवढ्या अवधीत तंतूतील प्रकाश जेमतेम 25 सेंटिमीटर चालतो. कोसच्या कोस दूर असलेल्या तबकड्यांच्या संकेतविलंबाची मोजदाद किती काटेकोर ठेवावी लागत असेल, हे यावरून ध्यानी यावे. अंकीय यंत्रणेच्या जयघोषात ॲनालॉग अभियंत्याचा विसर पडतो, हे अन्यायाचेच होय. शिवाय शीघ्रगती अंकीय परिपथ स्वतःच रेडिओ-तरंग उत्सर्जित करीत असल्यामुळे, अशा वेधशाळांत त्यांना धातूच्या आवरणात बंदिस्त ठेवणे अपरिहार्य असते.