तटाचे अवशेष आणि धोक्याची वार्ता

पेनिसिलिनचा इतिहास सांगताना आपण बहुधा फ्लेमिंग यांच्या १९२८ मधील बुरशीपाशीच रेंगाळतो. मला अधिक अर्थपूर्ण वाटतो तो १९४० चा डिसेंबर. पेनिसिलिनचा नाश करणारे विकर काही जीवाणूंपाशी असते, असे ऑक्सफर्डच्या अब्राहम व चेन यांनी त्या महिन्यात प्रसिद्ध केले. ऑक्सफर्डच्या रुग्णावर या औषधाचा पहिला उपचार सुरू झाला तो १९४१ च्या फेब्रुवारीत. औषधाच्या आधी त्याचा उतारा छापून आला होता!

काही जातींत हे विकर एरवी अत्यल्प असते. औषध येताच ते भराभर वाढते. औषध आल्याची वार्ता त्या जीवाणूला देते कोण?

पहिला दुवा १९४९ मध्ये जेम्स पार्क या अमेरिकन संशोधकास लाभला. पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये एक अपरिचित संयुग साठलेले आढळले. ती पेशीभित्तिकेची न लागलेली वीट आहे, हे पार्क व स्ट्रोमिंजर यांनी १९५७ मध्ये दाखविले. बांधकाम अडले, म्हणून विटा पडून राहिल्या.

पुढचे नवल १९८५ मधले. वाढता एश्चेरिकिया कोलाय आपल्याच भित्तिकेचे तुकडे सोडवून आत घेतो व पुन्हा वापरतो. जुन्या वाड्याचे सागवान नव्या घराला लावणाऱ्या आपल्या आजोबांना हे सहज पटले असते.

या दोन गोष्टींची सांगड १९९७ मध्ये जेकब्ज, फ्रेअर व नॉर्मार्क यांनी घातली. एण्टरोबॅक्टर, सिट्रोबॅक्टर यांसारख्या जीवाणूंत 'अँप-आर' नावाचे प्रथिन विकराच्या जनुकावर पहारा करते. पार्क यांचीच ती वीट त्याला चिकटली असता जनुक स्वस्थ राहते. औषधाने भित्तिका भंगली की आत येणाऱ्या तुकड्यांचा ढीग होतो, ते विटेला हुसकावतात आणि विकराची निर्मिती सुरू होते. जीवाणू औषधाला ओळखतच नाही. तो स्वतःच्या पडझडीचा अदमास घेतो.

हे तुकडे निकामी करण्याचे काम 'अँप-डी' या विकराकडे असते. एखाद्या जीवाणूत उत्परिवर्तनाने तेच बिघडले, तर धोक्याची घंटा अखंड वाजत राहते. अशा मोजक्या पेशी प्रारंभीच हजर असल्या, तर सेफॅलोस्पोरिन बाकीच्यांना मारते आणि त्यांना मोकळे रान देते. म्हणूनच प्रयोगशाळेच्या अहवालात 'औषध लागू' असे असूनही एण्टरोबॅक्टरचा रोगी सुधारता सुधारता पुन्हा तापाने फणफणतो.