बेळगावात चीज का मुरलं नाही

उद्यमबागेच्या कारखान्यांत खपणाऱ्यांच्या घरी आता फ्रिजमध्ये चीजचे क्यूब असतात, तरी पाहुण्याच्या हाती द्यायचा तो दूध आटवून केलेला कुंदाच. दूधदुभत्याच्या या पट्ट्यात चीज का घडलं नाही, याचं उत्तर सहसा धर्माकडे ढकललं जातं: नासलेलं दूध अशुभ, म्हणून चीज नाही. हे पटण्याजोगं नाही. कुंद्याच्या कितीतरी रीतींत उकळत्या दुधात दही घालून ते मुद्दाम फाडतात. रवाळपणा त्यातूनच येतो. (चुलीवर दूध विसरलं नि कुंदा झाला, ही कथा चविष्ट खरी, पण तसली कथा निम्म्या मिठायांना चिकटलेली असते.) दूध थिजवणाऱ्या, वासराच्या जठरातल्या रेनेटला असलेला विरोध मात्र खरा. तरी दूध आंबटानंही फाटतंच, तेव्हा तेवढ्यानं कोडं सुटत नाही.

कारण हवेत आहे. कडक चीज मुरायला महिनोन्महिने साधारण १० ते १३ अंशांची स्थिर, दमट हवा लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इंग्रजांची छावणी वसलेलं थंड गाव. पण इथलाही उन्हाळा त्या मापात बसत नाही, आणि पावसाळ्यात तर चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते. म्हणून इथे दुधातलं पाणी विस्तवानं काढलं. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी, ते बरणीत महिनोन्महिने टिकतं, फक्त ओला चमचा घालायचा नाही. बिनसाखरेचा खवा दोन-तीन दिवसांत संपवायचा. कुंद्यातली साखर पाणी बांधून ठेवते, त्यामुळे तो थोडा जास्त तग धरतो. लोणी पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. जाळीच्या कपाटात नि शिंक्यावर कशाला कुठं जागा, हे ठरायचं ते पदार्थातल्या पाण्यावरून.

फ्रिज आल्यावर हे ज्ञान कालबाह्य झालं, असा आक्षेप येईल. पण फ्रिज नासणं लांबवतो, थांबवत नाही. शिवाय उघडं ठेवलेलं सारं सुकवतो. इथे आधी रुळलं तेही प्रक्रिया केलेलं चीज, ज्याचं पेटंट जेम्स क्राफ्टनं १९१६ साली घेतलं होतं. ते तापवून वितळवल्यामुळे त्याचं मुरणंच थांबतं. म्हणजे विस्तवाच्या हिशेबानं ते खव्याच्या जवळचं. न मुरवलेलं पनीर नि ताजा मोझरेला लोण्याच्या वाटेनं जातात: पाण्यात बुडवून, पाणी बदलत, चार दिवसांत संपवायचे. चेडरसारखं कडक चीज बटर पेपरात गुंडाळून, डब्यात घालून, फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं. नुसत्या प्लास्टिकमध्ये आवळलं तर त्याला घाम सुटतो. त्याच्यावर बुरशी दिसलीच, तर भोवतालचा इंचभर भाग कापून उरलेलं खाता येतं. मऊ चीज मात्र सगळंच टाकावं, कारण त्याच्या ओलीतून बुरशीचे धागे केव्हाच आत पोचलेले असतात.